आबांच्या ट्रंकेतले २७ फोटो: गाड्या ओळखताना ठेवलेल्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आत्याकडून आबांची (आजोबांची) पत्र्याची ट्रंक सातारला घेऊन आलो. आत एक काळ्या कागदाचा अल्बम, सुटे फोटो, डिस्चार्जचा कागद आणि इटली स्टार मेडल, रिबन पार विटलेली. फोटो मोजले तर २७. त्यातल्या १४ मध्ये कुठली ना कुठली फौजी गाडी आहे. आबा ५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, इटलीत होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि दुसरं एक, लहानपणापासून ऐकलेलं, की आबा टँक चालवायचे. फोटो नंबर ४ च्या मागे जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं आबांच्याच अक्षरात लिहिलंय, "इटली. मी व टँक."

काम एवढंच की प्रत्येक फोटोतली गाडी कुठली ते नीट ठरवायचं आणि कशावरून ठरवलं ते लिहून ठेवायचं. माझ्यासारखी ट्रंक अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडलेली असणार, आपल्या जिल्ह्यात तर गावोगाव, म्हणून चुका पण जशाच्या तशा लिहितोय.

११ जानेवारी

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात. फोटो अल्बमला डिंकानं चिकटवलेले, मागे काही लिहिलंय का बघायचं होतं म्हणून फोटो नंबर ९ ला इस्त्रीच्या वाफेनं सोडवायला गेलो. वाफेनं डिंक सुटायच्या आधी फोटोचा वरचा थरच मऊ झाला आणि उजवा खालचा कोपरा नखाएवढा निघून गेला. नशीब एवढंच की तिथे नुसती जमीन होती, चाक असतं तर पुरावाच गेला असता.

नंतर दातात घालायचा बारीक दोरा, डेंटल फ्लॉस, फोटो आणि कागदाच्या मधून हळूहळू करवतीसारखा ओढत नेला. एका फोटोला २० मिनिटं लागतात पण फोटो अख्खा निघतो. पाणी, वाफ, ड्रायर काही लावू नका. फोटो निघतच नसेल तर राहू दे, अल्बमसकट स्कॅन करा.

१८ जानेवारी

स्कॅनिंग. आधी गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात २७ फोटो स्कॅन करून घेतले, २० रुपये एक, म्हणजे ५४० रुपये. घरी येऊन मोठे करून बघितले तर सगळ्या कडांना पांढरी किनार, सावल्या काळ्याकुट्ट. त्यांचं मशीन आपोआप शार्प करतं आणि वर छोटी जेपीजी करून देतं. गाडीचा नंबर जिथे असायला हवा तिथे नुसते चौकोन. ५४० रुपये गेले.

मग जुना फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, सेकंडहँड, ३,८०० रुपये. सगळे आपोआप सुधारणारे पर्याय बंद केले, टिफमध्ये सेव्ह केलं. ६००, १२०० आणि २४०० डीपीआयला तोच फोटो करून बघितला. ६०० पेक्षा १२०० ला थोडं जास्त दिसतं, २४०० ला फक्त फाइल मोठी होते कारण मूळ प्रिंटमध्येच त्यापेक्षा जास्त काही नाही. फोटो आहेत ६ बाय ९ सेंटीमीटरचे, निगेटिव्हएवढेच प्रिंट काढलेले. १२०० वर थांबलो. मागची बाजू पण स्कॅन करा, विसरू नका. तीन प्रिंटच्या मागे फिकट शिक्का निघाला, "फेरानिया". ही इटलीतली फिल्म आणि फोटोचा कागद बनवणारी कंपनी. म्हणजे ते तीन प्रिंट इटलीतल्या कागदावर काढलेले, आणि त्यात फोटो नंबर ४ आहे. मागचं बघितलं नसतं तर हा धागा हातातून गेला असता.

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून फोटो नंबर ४ घेऊन बसलो. आबा डावीकडे उभे, हात गाडीवर ठेवलेला. गाडी चेनची, पोलादी पत्र्याची, वर छत नाही. फोटो थोडा हललेला. खालची चाकं चिखल आणि सावलीत बुडालेली.

इथे मी जे केलं ते कुणी करू नये. मोबाइलवर एक ॲप आहे, जुना फोटो टाकला की एआयनं स्वच्छ करून देतं. टाकला. दोन मिनिटात असा चकचकीत फोटो आला की डोळ्यात पाणी आलं, आबांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. आणि खाली चाकं मोजली तर एका बाजूला चार. चार चाकं, वरून उघडी, चेनची, म्हणजे लॉइड कॅरिअर (कॅरिअर म्हणजे माणसं, शस्त्रं नेणारी हलकी फौजी गाडी) असं मी ठरवलं आणि घरच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो. चुलतभावानं ते स्टेटसला पण ठेवलं.

२ फेब्रुवारी

आज मूळ स्कॅन परत उघडला. फोटोशॉपबिटॉप काही नाही, साध्या फुकट प्रोग्रॅममध्ये फक्त सावलीचा भाग उजळ केला. चाकं तीन. पुढे दोन एकत्र जवळजवळ, मागे एक सुटं. चौथं चाक ॲपनं स्वतःच्या मनानं काढलं होतं, चिखलाच्या गोळ्यावर. आणि आबांच्या मिशीचे केस पण त्यानंच काढलेले, मूळ फोटोत तिथे करड्या रंगाचा एक डाग आहे फक्त. ते कळल्यावर फार वाईट वाटलं. त्याच ॲपनं फोटो ११ मध्ये गाडीवर एक पाच आकडी नंबर पण लिहून ठेवलाय, जो मूळ फोटोत नाहीच.

ग्रुपवर चूक सांगितली, स्टेटस काढायला लावलं. आता नियम केलाय की ओळख फक्त मूळ स्कॅनवरून. उजेड अंधार कमीजास्त करायचा, बस.

तीन चाकं, दोन जोडीत आणि एक सुटं, ही युनिव्हर्सल कॅरिअरची खूण. लोक ब्रेन कॅरिअर पण म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळीकडे बनली, एकूण लाखाच्या वर. चार चाकं दिसली तर लॉइड, कॅनडाची लांब विंडसर किंवा अमेरिकेत बनलेली टी १६, यातलं काहीतरी. म्हणून आधी चाकं मोजा आणि कशी बसवलीत ते बघा, नावाचं नंतर.

९ फेब्रुवारी

नानांना (वडील, वय ७४) सांगायला गेलो. टँक नव्हता नाना, कॅरिअर होती. नाना गप्प बसले. मग म्हणाले, "अरे त्यांनी स्वतः लिहिलंय ना मागं, टँक म्हणून? तू मोठा का ते मोठे?" मी काही बोललो नाही.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "पण एक आहे. आबा सांगायचे त्या टँकला स्टिअरिंग होतं म्हणून. गोल. जीपसारखं. आम्ही म्हणायचो टँकला कसलं आलंय स्टिअरिंग, त्याला दांडे असतात, म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं नसंल."

मी तिथंच उभा राहिलो. युनिव्हर्सल कॅरिअरला खरंच गोल स्टिअरिंग असतं. चाक थोडं फिरवलं की खालची पुढची बोगी (चाकांची जोडी) बाजूला सरकते आणि चेन वाकून गाडी हळू वळते, जास्त फिरवलं की एका बाजूच्या चेनला ब्रेक लागतो. त्या काळच्या शर्मन किंवा स्टुअर्ट टँकला दोन दांडे असायचे. म्हणजे आबांना सगळं बरोबर आठवत होतं, घरच्यांनीच खोटं पाडलं. तोंडी आठवण टाकून देऊ नका, अगदी चुकीची वाटली तरी लिहून ठेवा. नानांनी जे वाक्य सांगितलं ते तारखेसकट फोटोच्या पाकिटावर लिहिलंय.

आणि साधी गोष्ट, जी मी पहिल्याच दिवशी विचारात घ्यायला हवी होती. पायदळाच्या बटालियनकडे टँक नसतात. टँक रिसाल्याकडे, म्हणजे आर्मर्ड रेजिमेंटकडे. पायदळाच्या बटालियनकडे असते ती कॅरिअर प्लाटून. डिस्चार्जच्या कागदावर "ड्रायव्हर" आणि बटालियनचं नाव दोन्ही होतं, ते जोडून वाचलं असतं तर महिना वाचला असता. गाडीच्या आधी माणसाचे कागद वाचा.

१६ फेब्रुवारी

उंची तपासली. डिस्चार्जच्या कागदावर आबांची उंची ५ फूट ५ इंच. युनिव्हर्सल कॅरिअर जमिनीपासून साधारण ५ फूट २ इंच. फोटोत गाडीची वरची कड आबांच्या हनुवटीच्या आसपास येते, त्यात आबा थोडे पुढे उभे आहेत म्हणजे ते जरा मोठे दिसणार, तरी जुळतं. शर्मन असता तर ९ फूट, आबांचं डोकं चेनच्या जरा वर आलं असतं एवढंच. माणूस शेजारी असेल तर त्याच्यासारखी दुसरी पट्टी नाही, फक्त तो गाडीला टेकून उभा असला पाहिजे. पुढे चार पावलं उभा असेल तर माप चुकतं.

२२ फेब्रुवारी

आता फोटो नंबर ५, त्याच कॅरिअरचा मागून काढलेला. मागच्या बाजूला आडवं, गोल, पिंपासारखं काहीतरी. बघितल्याबरोबर डोक्यात एकच आलं, वास्प. युनिव्हर्सल कॅरिअरवर आग फेकणारं यंत्र बसवलेली गाडी म्हणजे वास्प, तिच्या एका प्रकारात इंधनाची टाकी मागे बाहेर बसवलेली असते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर ८ व्या इंडियन डिव्हिजनच्या हल्ल्यात वास्प आणि चर्चिल क्रोकोडाइल, दोन्ही आग फेकणाऱ्या गाड्या वापरल्या होत्या. आणि त्याच दिवशी त्याच नदीवर आबांच्याच बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी एकट्यानं मशिनगनच्या चौक्या उडवल्या, जखमी साथीदारांना नदीपार आणलं, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तर आबा त्या दिवशी वास्प चालवत होते असं मला वाटायला लागलं. दोन रात्री झोप नाही.

१ मार्च

नाही. वास्प नाही.

आठवडा हे सिद्ध करण्यात घालवला आणि शेवटी जे मला नको होतं तेच बरोबर निघालं. आधी बायकोनं दाखवलं की त्या पिंपाला मध्ये पट्टा आवळलाय आणि पट्ट्याजवळ ते दबलंय. लोखंडी टाकी पट्ट्यानं दबत नाही. गुंडाळलेली ताडपत्री आहे ती. मग समोरून काढलेला फोटो ४ परत बघितला. कॅरिअरमध्ये ड्रायव्हर उजवीकडे आणि त्याच्या डावीकडे गनरची जागा, तिथे पुढचा पत्रा थोडा पुढे आलेला असतो आणि त्यात फट असते. वास्पची नळी तिथून बाहेर दिसायला हवी. फोटोत त्या फटीवर कॅनव्हासचं झाकण आहे. आणि तिसरं, सगळ्यांच्या अंगात जाड लोकरी ओव्हरकोट, मागे झाडांना एक पान नाही. एप्रिलच्या हल्ल्याचा दिवस हा नव्हे.

हे लिहिताना पण हात जड होतोय. आपल्या माणसाचा फोटो असला की आपल्याला जे हवं तेच दिसतं. मी आता प्रत्येक ओळखीखाली एक ओळ सक्तीनं लिहितो, "ही ओळख चूक असेल तर फोटोत काय दिसायला हवं?" आणि मग ते शोधतो. वास्पच्या बाबतीत पहिल्या दिवशी हे केलं असतं तर एका संध्याकाळीत विषय मिटला असता.

८ मार्च

नगरला (आता अहिल्यानगर) जाऊन आलो. तिथलं टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं, आर्मर्ड कोअरचं. पुण्यात बस बदलून गेलो, जाऊन येऊन तिकीट, चहा, जेवण धरून १,१०० रुपये.

माझ्या कामाला उपयोग काय झाला तर डोळ्यांना आकार कळला. चर्चिल, व्हॅलेंटाइन, माटिल्डा शेजारी उभं राहिलो. फोटोत या सगळ्या एकसारख्या वाटतात, प्रत्यक्षात माटिल्डाच्या चाकांवर पत्र्याचा पूर्ण झगा, चर्चिलला बारीक बारीक चाकांची रांग आणि चेन अख्ख्या गाडीला वरून वळसा घालून जाते, व्हॅलेंटाइन एवढा ठेंगणा की नवल वाटतं. १९६५ च्या लढाईतला पॅटन पण आहे, त्याच्या गोलसर बुरुजापुढे शाळेची पोरं फोटो काढत होती. एक तास नुसता चाकांच्या उंचीला बसून बघत राहिलो. जुने फोटो बहुतेक त्याच उंचीवरून, बसून किंवा कमरेजवळ कॅमेरा धरून काढलेले असतात, वरून काढलेल्या आजच्या फोटोंशी ताडून बघितलं की गफलत होते. जमलं तर एकदा तरी खरी गाडी बघाच.

१५ मार्च

जीपकडे वळलो. फोटो १२ आणि १३.

फोटो १३ मध्ये जीपचं स्टिअरिंग उजवीकडे आहे. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू दोन्ही डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या. मग ही कुठली? भारतासाठी बदललेली? नंतरची? नऊ दिवस याच्यात गेले. दोन ओळखीच्यांना पण कामाला लावलं.

आज सकाळी दाढी करताना आरशात बघून लक्षात आलं. फोटोच उलटा आहे. हा प्रिंट मूळ नाही, नंतर कुठल्यातरी स्टुडिओत मोठा करून घेतलेला आहे, तेव्हा निगेटिव्ह उलटी लागली. पुरावे धडाधड मिळाले: शर्टाची बटणं बायकी बाजूची, दोघांची घड्याळं उजव्या मनगटावर, जीपच्या मागचं जादा चाक डावीकडे आणि पेट्रोलचा कॅन उजवीकडे, जे बरोबर उलटं असायला हवं, आणि फावडं कुऱ्हाड पण चुकीच्या बाजूला. फोटो आडवा उलटवला आणि बॉनेटवरचा डाग वाटत होता तो नंबर झाला, पहिलं अक्षर एम. ब्रिटिश पद्धतीत गाड्यांच्या नंबराआधी अक्षर असायचं, एम म्हणजे हलकी मोटार, एल लॉरी, झेड हलका ट्रक, टी म्हणजे चेनच्या गाड्या, ए ॲम्ब्युलन्स, सी मोटरसायकल. एवढं एक अक्षर वाचता आलं तरी निम्मं काम होतं.

कुठलाही फोटो ओळखायला घ्यायच्या आधी तो सुलटा आहे का बघा. बटणं, घड्याळ, अक्षरं. दोन मिनिटांचं काम आहे.

विलीज का फोर्ड? युद्धात दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर बनवल्या आणि समोरून जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. जाळीच्या मागे खाली आडवा बार असतो, तो विलीजला गोल पाइप आणि फोर्डला चौकोनी उलट्या पन्हळीसारखा. फोटो १३ खालून काढलाय म्हणून बार दिसतो, गोल आहे. विलीज एमबी. वर्तुळातला पांढरा तारा पण आहे बॉनेटच्या बाजूला, म्हणजे १९४३ च्या मध्यानंतरचा फोटो.

१६ मार्च

फोटो १२ च्या मागे बॉलपेननं लिहिलंय "इटली १९४४". हे खोटं आहे हे पाच मिनिटात कळलं. समोरच्या जाळीला सात फटी, युद्धातल्या जीपला नऊ असतात. बॉनेट एकदम उंच, समोरून बघितलं तर कपाळ मोठं असल्यासारखं. ही सीजे ३बी, जी १९५३ नंतरची आणि महिंद्रानं आपल्याकडे कित्येक वर्षं बनवली. आपल्यापैकी बहुतेकांनी गावात, तहसीलदाराकडे, शुगर फॅक्टरीत हीच बघितलेली आहे. शिवाय बॉलपेन. आबांच्या हातचं सगळं लिखाण जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचं आहे. आत्याला विचारलं तर म्हणाली, "काकांनी लिहिलं असणार रे, त्यांनी एकदा सगळे फोटो लावून ठेवले होते." काकांना जे आठवलं ते त्यांनी लिहिलं, त्यांचा दोष नाही. पण मागे काय लिहिलंय याच्याबरोबर कशानं आणि कुणी लिहिलंय ते पण बघा.

२३ मार्च

ट्रक. फोटो ७, ८, ९. घरात या ट्रकला कायम "डॉज" म्हणतात. आमच्याकडे जुन्या कुठल्याही फौजी ट्रकला डॉजच म्हणायची सवय आहे.

डॉज नाही. नाक चपटं, केबिन जवळजवळ इंजिनावर बसलेली, आणि समोरची काच दोन भागांची, वरची कड पुढे आणि खालची मागे अशी उलटी कललेली. हे कॅनडाच्या सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) ट्रकचं १३ नंबरचं केबिन. काच अशी कलती ठेवायचं कारण म्हणजे ऊन चमकून वरच्या विमानाला दिसू नये. कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोले दोघांनी एकाच नमुन्यावर बनवले, चार लाखांच्या वर. फरक बघायचा तर रेडिएटरच्या जाळीत, फोर्डची जाळी सरळ चौकड्यांची, शेव्हरोलेची तिरप्या शंकरपाळ्याची. फोटो ७ मध्ये लुपखाली (छोट्या भिंगाखाली) शंकरपाळे स्पष्ट दिसतात. (लुप ४५० रुपये, या कामातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च.)

मग आकार. शेव्हरोलेचा तीन टनी ट्रक म्हणजे सी ६०, त्यात एस म्हणजे आखूड आणि एल म्हणजे लांब. दोन चाकांमधलं अंतर आखूडला १३४ इंच, लांबला १५८. फोटोत इंच कसे मोजणार? टायरनं. टायर १०.५०–२०, म्हणजे उंची साधारण ४१ इंच. दोन चाकांच्या मध्याचं अंतर भागिले टायरची उंची, आखूडला उत्तर येईल ३.२७ आणि लांबला ३.८५.

मी फोटो ७ वर मोजलं, ३.२ आलं. लिहून टाकलं सी ६० एस. रात्री फोटो ८ वर मोजलं, ३.८. आणि दोन्ही फोटोतला ट्रक एकच, पुढच्या डाव्या मडगार्डवर तोच पोचा. फोटो ७ तिरका काढलेला आहे, तिरक्या फोटोत लांबी दबते पण टायरची उंची दबत नाही. ही भागाकाराची युक्ती फक्त बाजूनं सरळ काढलेल्या फोटोवर चालते. टायर गोल दिसत असेल तर मोजा, अंड्यासारखा दिसत असेल तर सोडून द्या. ट्रक सी ६० एल, लांबवाला.

३० मार्च

याच ट्रकच्या समोर डाव्या मडगार्डजवळ एक काळी गोल थाळी दिसते. कुठल्यातरी डिव्हिजनचं चिन्ह असेल म्हणून आठवडाभर काळ्या गोल चिन्हाची डिव्हिजन शोधत बसलो. मिळणार कुठून.

जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही, लाल तिथे काळा येतो, आणि पिवळा पण अपेक्षेपेक्षा बराच गडद येतो. ही थाळी काळी नाहीच, पिवळी आहे. पिवळ्या थाळीवर काळा आकडा, म्हणजे पुलाच्या वजनाचा क्लास, ही गाडी किती वजन पेलणाऱ्या पुलावरून जाऊ शकते ते सांगणारा. थाळीचा भाग कापून फक्त तेवढ्याचाच कॉन्ट्रास्ट ताणला तेव्हा आतून आकडा वर आला, ९. तीन टनी ट्रकला शोभणारा. १५ हंड्रेडवेटचा (पाऊण टनी) छोटा ट्रक असता तर आकडा कमी असता. म्हणजे टायरच्या मोजमापाला वेगळ्या वाटेनं पुष्टी मिळाली, आणि मला तर असा दुसरा स्वतंत्र पुरावा मिळाला की मगच शांत झोप लागते.

तसंच फोटो १० मध्ये दंडावरच्या पट्टीवरून आणि मडगार्डवरच्या चिन्हावरून रंग सांगायचा मोह सोडला. काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग सांगू नका. आकार सांगा.

६ एप्रिल

उरलेले भराभर उरकले. फोटो ११ शर्मन, लांबून, समोरचा उतार आणि बाजूला जोडीजोडीनं बसवलेल्या चाकांच्या तीन बोग्या दिसतात. फोटो १४ आणि १५ बेडफर्ड क्यूएल, केबिन पूर्ण इंजिनाच्या वर, नाकच नाही. फोटो १८ ॲम्ब्युलन्स, ऑस्टिन के २, केबिनला दारांऐवजी कॅनव्हासचे पडदे. फोटो २१ बेळगावचा, रेजिमेंटच्या सेंटरमधला, मागे फक्त एका ट्रकचं चाक आणि अर्धं मडगार्ड. एका चाकावरून गाडीचं नाव लिहिणार नाही, "ट्रक" एवढंच लिहिलं.

आजपर्यंतचा खर्च: स्कॅनर ३,८००, दुकानातलं वाया गेलेलं स्कॅनिंग ५४०, लुप ४५०, पॉलिस्टरची पाकिटं ६००, नगर १,१००. एकूण ६,४९०. वेळ तीन महिने, त्यातला महिनाभर तरी चार चाकांची कॅरिअर, वास्प, उलटी जीप आणि काळी थाळी यात गेला.

१३ एप्रिल

नाना आणि आत्या दोघांना बसवून सगळे फोटो एकेक करून दाखवले. प्रत्येक पाकिटावर मऊ पेन्सिलीनं तीन ओळी: गाडी कुठली, कशावरून, आणि किती खात्री. खात्रीसाठी तीनच शब्द ठेवलेत, नक्की, बहुतेक, अंदाज.

फोटो ४ आला तेव्हा नानांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले. मी त्यांना कॅरिअरच्या आतला एक फोटो दाखवला, जगात जिथे कुठे या गाड्या सांभाळून ठेवल्यात त्यातल्या एकीचा, उजव्या बाजूला ड्रायव्हरची बसकी सीट आणि समोर गोल स्टिअरिंग. नाना म्हणाले, "हेच सांगत होते ते. आन् आम्ही हसायचो."

मागचं "मी व टँक" खोडायचं का असं आत्यानं विचारलं. मी नको म्हटलं. चेनवर चालणारी, पोलादाची, आत बसून लढायची गाडी, वीस वर्षांच्या पोरानं तिला टँक म्हटलं तर ते अक्षर तसंच राहू दे. पाकिटावर मी लिहिलंय: "युनिव्हर्सल कॅरिअर. एका बाजूला तीन चाकं (दोन जोडीत, एक सुटं), उंची आबांच्या हनुवटीपर्यंत, गनरची फट डावीकडे. नक्की. इटली, हिवाळा. ड्रायव्हर आबा. गोल स्टिअरिंग होतं असं ते स्वतः सांगत, नानांनी ९ फेब्रुवारी २०२५ ला सांगितलं."